हात चांगला शे, डोया कुठे शे?

वाचकाचं पत्र: “आप्पा, रामराम. मी पारोळा तालुक्यातला, वय २३. आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून दोन वर्षं जळगाव एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये आहे. शेड, टाक्या, जिने असं काम. पगार खोलीभाड्यात आणि मेसमध्येच संपतो. धुळ्याकडे मामांच्या शेतातून तेलाची लाइन गेलेली आहे. आमच्या गल्लीतला एक जण राजस्थानात पाइपलाइनवर वेल्डर आहे, सुट्टीवर येतो तो बुलेटवर येतो. मलाही त्या कामात जायचंय. एक इन्स्टिट्यूट म्हणते, वेल्डिंग कशाला करतो, २१ दिवसांत तुला पाइपलाइन इन्स्पेक्टर करतो. फी ४८ हजार, नोकरीची हमी. मुंबईचा एक एजंट आखातात पाइप वेल्डरचं काम देतो म्हणतो, त्याचे सव्वा लाख. वडील म्हणतात, कापूस विकून एकाचे देतो, कोणाचे ते तू ठरव. मी काय ठरवू? वेल्डिंग की इन्स्पेक्शन? आणि ओळख नसेल तर हे काम शोधायचं कुठे?”

भाऊ, रामराम.

आधी वडिलांना निरोप दे. कापूस भाव बघून विकायचा असतो, इन्स्टिट्यूटच्या बॅचची तारीख बघून नाही. त्या दोघांपैकी कोणालाही एक रुपया द्यायचा नाही. का, ते पुढे येईलच. मला तुझ्या पत्रात खटकलं ते वेगळं. फी लिहिलीस, एजंट लिहिलास, बुलेटसुद्धा लिहिलीस, पण तू रॉड कोणता चालवतोस, मशीन कोणतं, पाइपवर कधी हात फिरवलाय का, यातलं अक्षर नाही. लाइनीवर तुला पहिला प्रश्न हाच होणार आहे. मी अंदाजाने लिहितो, चुकलो तर कळव.

शेड आणि जिने म्हणजे ६०१३ चा रॉड, बहुधा ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे एसीचं मशीन, आणि उभा जोड आला की खालून वर जायचं. पाइपलाइनवर यातलं जवळजवळ सगळं उलटं. मेन लाइनचा जोड वरून खाली ओढतात, त्याला डाउनहिल म्हणतात. पाइप आडवा आणि पक्का, तो फिरत नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. घड्याळात बारा असतात तिथे आर्क मारायचा आणि सहाला येऊन थांबायचं. समोरच्या बाजूने दुसरा वेल्डर तसाच खाली येतो. १८ इंची पाइपचा घेर साधारण १,४३६ मिलिमीटर, म्हणजे तुझ्या वाट्याला ७१८. सुरुवात ऐटीत उभ्याने होते, शेवट पाइपखाली मातीत पाठ टेकून, ठिणग्या कॉलरमध्ये घेत.

रॉड सेल्युलोजचा, ६०१०. तो एसीवर चालतच नाही, त्याला डीसी लागतं. शॉपमधल्या ट्रान्सफॉर्मरवर सराव करायला बसलास तर दिवसभर रॉडलाच शिव्या देशील. शेतकऱ्याचा पोरगा आहेस म्हणून सांगतो, ६०१३ वखरासारखा वरवर चालतो, ६०१० नांगरासारखा खोल जातो. पाइपची टोकं ३० अंशात तासलेली असतात, मध्ये दीड-एक मिलिमीटरची फट. रॉड त्या फटीत टेकवायचा आणि ओढायचा. पुढे एक बारीक भोक पडतं, त्याला की-होल म्हणतात. ते भोक तुझ्याबरोबर खाली सरकत राहिलं पाहिजे. मोठं झालं तर आत धातू गळून पडला, बुजलं तर रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, आत पोचलाच नाही. डोळ्याआधी कान सांगतो. बरोबर चाललं असेल तर पाइपच्या पोटातून फर्रर्र असा सलग आवाज येत राहतो.

आणि हो, ७०१८ चा रॉड ओव्हनमध्ये भाजून वापरतात म्हणून ६०१० पण ओव्हनमध्ये ठेवू नकोस. त्याला त्याची थोडी ओल लागतेच. आमच्या एका हेल्परने मालकाचं भलं करायला म्हणून अख्खं खोकं रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं होतं. सकाळी त्या रॉडने आर्क धरला, पण खोल जाईना.

माझी पहिली टेस्ट मी नापास झालो. दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या ट्यूबा जोडून आलेलो, आयबीआरचं, म्हणजे बॉयलर वेल्डरचं कार्ड खिशात, छाती पुढे. गुजरातेत एका कॅम्पवर टेस्ट होती. कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, असं उतरलं की शेजारच्या बूथमधला पंजाबी वेल्डर हातातलं काम टाकून बघायला आला. इन्स्पेक्टरने कॅपकडे पाहिलंसुद्धा नाही. टॉर्च काढली, पाइपच्या तोंडातून आत मारली आणि मला वाकायला सांगितलं. पाच आणि सातच्या मध्ये, म्हणजे तळाला, रूट आतून बसलेला होता. नख फिरवलं तर अडकेल अशी नाली. आमचा फोरमन अमळनेरकडचा, साहेबाशीही अहिराणीतच बोलायचा. तो एवढंच म्हणाला, “हात चांगला शे, डोया कुठे शे तुना?” म्हणजे हात चांगला आहे, डोळा कुठे आहे तुझा?

मला तेव्हा राग आला. पण पीस देण्याआधी मी एकदाही आत बघितलं नव्हतं, हे खरं होतं. बॉयलरच्या बारीक ट्यूबेत कोण आत बघतो? ती सवयच नव्हती.

म्हणून वेल्डिंग की इन्स्पेक्शन, यावर माझं मत ऐकायचं असेल तर: आधी वेल्डिंग, निदान चार वर्षं, आणि त्या चार वर्षांत रोज थोडं इन्स्पेक्शन. दुसऱ्याचा जोड तपासायला बसायचं तर तो बिघडतो कुठे हे हाताला आधी कळलेलं असावं. पदवीवाले अभियंते उलट्या वाटेने येतात, त्यांचं चालून जातं. तुझ्याकडे आयटीआय आहे. तुझं भांडवल हात आहे.

इन्स्पेक्टर म्हणजे नेमकं काय करतो तेही बघ, म्हणजे २१ दिवसांचा हिशेब तुझा तुलाच लागेल. पाइप साधारण १२ मीटरचा धर, किलोमीटरला ८३-८४ जोड झाले. १०० किलोमीटरला आठ हजारांच्या वर. प्रत्येक जोडाला नंबर असतो. दोन्ही बाजूंच्या पाइपांचे नंबर, हीट नंबर (पोलाद कोणत्या ओतणीचं ते), रूट कोणी मारला, हॉट पास म्हणजे त्यावरचा दुसरा थर कोणाचा, फिलर म्हणजे मधलं भरण आणि कॅप कोणाचे, सगळं रजिस्टरात. फिट-अपला फट आणि दोन टोकांची वरखाली बघायची, प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधी पाइप पुरेसा तापवलाय का ते, खास खडूने तपासायची, पाइप आतून धरणारा इंटर्नल क्लॅम्प रूट पूर्ण व्हायच्या आत कोणी काढत नाही ना याकडे लक्ष ठेवायचं. रूटनंतर ग्राइंडर नीट फिरला नाही तर दोन्ही कडांना स्लॅगच्या, म्हणजे रॉडच्या मळीच्या रेघा राहतात, बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या. लाइनीवर त्याला वॅगन ट्रॅकच म्हणतात. त्या जाळायला हॉट पास लगेच, काही मिनिटांत चढायला हवा. ऊन ४४ अंश, वेल्डर पाणी प्यायला गेला, जोड थंड झाला, तर इन्स्पेक्टरने तिथे अडायचं असतं. आणि अडला की फोरमन, सुपरवायझर, प्रोजेक्ट मॅनेजर तिघेही अंगावर येतात, कारण रोजच्या जोडांचं टार्गेट असतं.

नियम पुस्तकात आहेत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं एपीआय ११०४ हे या कामाचं मुख्य पुस्तक. त्यात सांगितलंय की रूट न पोचलेली एक जागा २५ मिलिमीटरहून लांब असली तर जोड नाकारायचा. अंडरकट, म्हणजे जोडाच्या कडेला पडलेला खड्डा, ०.८ मिलिमीटर किंवा भिंतीच्या जाडीच्या साडेबारा टक्के, यातलं जे कमी त्याहून खोल असला तर तोही. ६.४ मिलिमीटरच्या पाइपला दोन्ही हिशेब ०.८ वरच येतात. लाइन ज्या कंपनीची, त्या मालक कंपनीचा स्वतःचा स्पेक, म्हणजे कामाच्या अटी, बहुधा याहून कडक असतो. हे आकडे तू आज रात्रीत पाठ करशील. पण एक्स-रेच्या फिल्मवर काळी रेघ दिसली तर ती स्लॅगची की रूट न पोचल्याची, आणि ती डाव्या वेल्डरची की उजव्या, हे सांगायला हजारभर जोड डोळ्याखालून जावे लागतात.

आता इन्स्टिट्यूट. ते जे ‘लेव्हल टू’चं, म्हणजे तपासणीच्या तीन पातळ्यांतल्या दुसरीचं सर्टिफिकेट देतात ते बहुतेक एसएनटी-टीसी-१ए या पद्धतीचं असतं. त्या पद्धतीत सर्टिफिकेट देतो तो माणसाचा मालक, म्हणजे ज्या कंपनीत तू काम करतोस ती, स्वतःच्या लेव्हल थ्रीच्या सहीने. त्यात ठरलेले प्रशिक्षणाचे तास लागतात आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो. इन्स्टिट्यूट तास देऊ शकते, अनुभव कुठून देणार? आणि कंपनी बदलली की नव्या मालकाने पुन्हा तपासून द्यायचं असतं. हा कोर्स फसवणूकच असतो असं मी म्हणत नाही. साईटवर दोन वर्षं काढलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो. शेडचं वेल्डिंग करणाऱ्या पोराला त्याने फक्त एक लॅमिनेट केलेला कागद मिळतो. हमीचं म्हणशील तर एकच गोष्ट कर. त्यांना विचार, नोकरी मिळाल्यावर पहिल्या तीन पगारांतून फी घ्याल का? चेहरा बघ त्यांचा.

इन्स्पेक्शनच्या खुर्च्या तीन ठिकाणी असतात. एक ठेकेदाराकडे क्यूसीत, म्हणजे दर्जा बघणाऱ्या विभागात. दुसरी मालक कंपनीच्या बाजूने, म्हणजे सल्लागार किंवा थर्ड पार्टी. इथे टेंडरमध्येच शिक्षण लिहिलेलं असतं, डिप्लोमा किंवा डिग्री आणि वर्षं, त्यामुळे आयटीआयवाल्याला हे दार अवघड. तिसरी एनडीटी, म्हणजे जोड न मोडता तपासणाऱ्या एजन्सीत, एक्स-रे, गामा आणि अल्ट्रासॉनिकवाल्यांची. तुझी वाट पहिल्या खुर्चीतून जाते: वेल्डर, मग वेल्डिंग फोरमन किंवा क्यूसीचा मदतनीस, मग सीएसडब्ल्यूआयपी ३.१ नाहीतर एडब्ल्यूएसची सीडब्ल्यूआय, या वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या परीक्षा. सीडब्ल्यूआयच्या परीक्षेत पुस्तक उघडून सोडवायचा एक पेपर असतो, तो एपीआय ११०४ वर घेता येतो. लाइनीवर आयुष्य काढलेल्याला तो परका वाटत नाही. दोन्ही परीक्षा महाग आहेत आणि दोन्हींना अनुभवाचे दाखले लागतात. म्हणजे त्यांची वेळ अजून आलेली नाही. मध्ये जमलं तर डिप्लोमा कर. मी केला नाही, आणि शेवटची दहा वर्षं माझ्या मुलाच्या वयाच्या साहेबांकडून सह्या घेतल्या.

गामाच्या कामाबद्दल वेगळं सांगतो, कारण त्यात पोरं पटकन ओढली जातात. इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी स्रोत असतो तो. बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओग्राफीचा कोर्स पास झाल्याशिवाय आणि छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज असल्याशिवाय त्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. “हेल्पर म्हणून ये, दोरी बांधायची आणि पाटी धरायची” असं कोणी म्हटलं तर बॅज आधी माग. नाही म्हणाला तर त्याच पावली परत फिर.

तर हात तयार करायचा. एखाद्या ओळखीच्या शॉपमध्ये डीसी देणारा रेक्टिफायर किंवा चांगला इन्व्हर्टर असेल तर शनिवारी-रविवारी तो भाड्याने मागून घे. सहा इंची पाइपचे तुकडे भंगारवाल्याकडे मिळतील, लेथवाल्याकडून टोकं तासून घे. सहा इंचीच का? बाजारातल्या सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६⅝ इंच असतो, आणि एपीआय ११०४ च्या मल्टिपल क्वालिफिकेशनला, म्हणजे अनेक प्रकारच्या जोडांची मान्यता देणाऱ्या टेस्टला, किमान तेवढाच लागतो. तुकडा आधी आडवा बांध, मग ४५ अंशात तिरका. तिरक्यालाच ६जी म्हणतात. पहिले वीस जोड फक्त रूट. कॅप करूच नकोस, कॅपने माणूस स्वतःवर खूश होतो. प्रत्येक रूट आतून टॉर्चने बघ, मग मधून काप आणि वाकवून मोड. आत काय होतं ते मोडल्यावर कळतं. टेस्टला कंपनीवालेही काही पट्ट्या अशाच मोडून बघतात, नाहीतर एक्स-रे काढतात.

हे घरचं जमेना तर तिरुचिरापल्लीला भेलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथे वेल्डरांचं प्रशिक्षण होतं. लांब आहे, पण मला विचारशील तर २१ दिवसांच्या इन्स्पेक्टरापेक्षा तिथला कागद खरा. त्याहून सोपा मार्ग आपल्या दारातून जातो. अमळनेरला गाडीत बस, सुरतेला उतर. हजीऱ्याच्या बाजूला पाइपिंगचं काम बारमाही असतं. तिथे वर्षभर पाइप फिटरच्या हाताखाली किंवा फिलर-कॅपवर राहिलास की पाइप म्हणजे काय हे अंगात भिनतं. जळगावात पाइप म्हटलं की लोकांना पीव्हीसी आणि ठिबकच आठवतं, त्यामुळे इथे शिकवणारे कमी.

एक गोष्ट मनात ठेव, लाइनीवर एकच वेल्डर अख्खा जोड करत नाही. पुढे रूटवाले, मागे हॉट पासवाले, त्यांच्या मागे फिलर आणि कॅपवाल्यांची रांग. रूटवाल्याचा रेट जास्त. पहिल्या टेस्टला रूटमध्ये पास झालास तर उत्तम, पण फिलर-कॅपवर घेतो म्हणाले तर नाक मुरडू नकोस. आत शिर. टेस्ट प्रत्येक प्रोजेक्टला नवी असते. मागच्या प्रोजेक्टचं कार्ड फक्त टेस्टच्या रांगेत उभं राहायला कामी येतं. पास झाल्यावरही तुझ्या नंबरावर रिपेअर किती निघाले याचा हिशेब रोज होतो, आकडा चढला की खाली बसवतात.

आता काम शोधायचं कुठे. तुझ्या मामांच्या शेतातली लाइन बहुधा भारत पेट्रोलियमची, मुंबईहून मनमाडला येऊन पुढे इंदूरजवळच्या मांगल्याकडे आणि दिल्लीकडे बिजवासनला जाणारी. ती कधीच टाकून झाली. चालू लाइनीवर वेल्डरला काम फार थोडं असतं. काम असतं ते टाकल्या जाणाऱ्या लाइनीवर, आणि ते पुढे पुढे सरकत जातं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ना, इथे नळ्याबरोबर आपली.

नवी लाइन येणार हे सगळ्यात आधी शेतकऱ्याला कळतं. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली अधिसूचना निघते, गट नंबरांची यादी येते, हरकतीला २१ दिवस मिळतात. जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनी फक्त वापरहक्क घेते, त्याचे बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाचं नुकसान वेगळं. (मामांना सांग, त्या पट्ट्यात विहीर खोदायची नाही, झाड लावायचं नाही. हे बऱ्याच जणांना नंतर कळतं.) पण अधिसूचनेपासून वेल्डिंगपर्यंत बराच काळ जातो, तेव्हा ती वाचून बॅग भरू नकोस. नंतर टेंडर निघतं. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम, गेल यांची टेंडरं त्यांच्या संकेतस्थळांवर आणि सरकारी ई-प्रोक्योरमेंटवर उघडी असतात. काम कोणाला मिळालं ते ठेकेदाराचं नाव शोध. तुझ्या उपयोगाची माहिती हीच. आणि मग शेवटची खूण, डोळ्यांनी दिसणारी: हायवेच्या कडेला एखाद्या सपाट शेतात काळे कोटिंग केलेले लांब पाइप थर लावून रचलेले दिसले, ट्रेलरवर ट्रेलर येताहेत, तर तो डंप यार्ड. तिथल्या वॉचमनला चहा पाज. कॅम्प कुठे, वेल्डिंगचा फोरमन कोण, टेस्ट कधी, हे त्याच्याकडून कळतं. मला आयुष्यातली तीन कामं वॉचमनांनी दिली.

हंगाम सांभाळ. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाइप उचलणारा साइड बूम उभाच राहत नाही, रुततो. आपल्याकडे भरती दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पिकं निघाल्यावर, आणि मेपर्यंत धावपळ. पण फक्त खान्देशाच्या नकाशात बघत बसलास तर बसूनच राहशील. कांडला-गोरखपूर एलपीजी लाइन सुमारे २,८०० किलोमीटरची, पारादीप-नुमालीगडची कच्च्या तेलाची सोळाशेच्या वर. एकेका लाइनीचे असे अनेक तुकडे वेगवेगळ्या ठेकेदारांना दिलेले असतात. हिंदी चांगली कर. फोरमन लोक बहुतेक उत्तरेकडचे, आणि पुढचं काम फोरमनच्या फोनवरूनच येतं. ओळख नाही म्हणतोस, ती पहिल्या लाइनीवर होते.

अप्रेंटिसशिपही बघत राहा. मालक कंपन्यांच्या पाइपलाइन विभागांत आयटीआयवाल्यांना घेतात. पैसे कमी, पण कागद भक्कम.

एजंटाचं थोडक्यात. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर त्याचं नाव दिसतं. त्याला तुझ्याकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात, पावतीसह. सव्वा लाख मागणारा पहिल्याच वाक्यात कायद्याबाहेर गेला. आणि व्हिजिट व्हिसावर वेल्डिंग करता येत नाही, तो तिथे जाऊन बदलून देईन म्हणाला तरी. आखातात जायचंच असेल तर इथल्या दोन लाइनी आणि त्यांचे दाखले हातात घेऊन जा, तेव्हा ट्रेड टेस्टला तुझा हातच बोलेल.

पगाराबाबत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. मध्य प्रदेशात एका पोट-ठेकेदाराकडे होतो, नाव काय सांगू. दर महिन्याला थोडी उचल द्यायचा आणि म्हणायचा, हिशेब शेवटी करू. शेवट आला त्या सकाळी कॅम्पात तंबूच्या खुंट्या राहिल्या होत्या, माणूस नाही. दोन महिन्यांचे गेले. तेव्हा मला हे माहीत नव्हतं की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ काम देणाऱ्या कंपनीवर जबाबदारी येते, आणि तिच्या साईट ऑफिसात लेखी अर्ज देता येतो. पण अर्जाला पुरावा लागतो. तुझ्याकडे गेट पास, हजेरीचे फोटो, पीएफचा यूएएन असला पाहिजे. यूएएन नाही म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नकोस. रेट महिन्याचा की रोजाचा, आठ तासांचा की बाराचा, पावसाच्या दिवसाचं काय, मेस कोणाची, हे सगळं जायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घे. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

बुलेटवाल्याला विचार, प्रोजेक्ट संपल्यावर किती महिने घरी बसला होता. हप्ता तेव्हाही चालूच असतो.

आणखी एक, हे वडिलांनाही वाचून दाखव. धुळ्याच्या पट्ट्यात वेल्डर म्हणून तुझं नाव झालं की एखाद्या रात्री कोणीतरी येईल आणि म्हणेल, फक्त एक नॉझल मारून दे, वीस मिनिटांचं काम, रोख पैसे. चालू लाइनीला चोरून टॅप मारायचं काम असतं ते. पेट्रोलने भरलेल्या पाइपवर आर्क मारायचा, म्हणजे पहिला जळणारा तूच. वाचलास तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मागवणारा कधी सापडत नाही, जोडणारा सापडतो.

या आठवड्यात एवढंच कर. धुळ्याला किंवा जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन जवळची नजर आणि रंगांची तपासणी करून घे, इन्स्पेक्शनच्या परीक्षांना ती लागतेच आणि वेल्डरलाही लागते. डोळ्यांना आर्कचा उजेड लागून ते चुरचुरले की बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायची शॉपमधली पद्धत बंद कर. मग तो सहा इंची तुकडा आण, आणि वीस रूट झाले की मोडलेल्या पट्ट्यांचे फोटो मला पाठव. कॅपचे पाठवू नकोस. आणि टेस्टला जाशील तेव्हा काळी काच स्वतःची ने. कॅम्पवरच्या काचा ठिणग्यांनी इतक्या फुटक्या-डागाळलेल्या असतात की त्यातून की-होल दिसतच नाही.